आधी नावे, मग दालन

साताऱ्याच्या जुन्या पेठांमधले वाडे गेल्या काही वर्षांत एकामागून एक उतरवले जात आहेत आणि वाडा उतरला की त्यातल्या वस्तूंची वाटणी बाजाराच्या नियमाने होते. सागवानी खांब, कोरीव चौकटी, कड्या-कोयंडे, तांब्यापितळेची भांडी यांना गिऱ्हाईक लगेच मिळते. भिंतीवरच्या फोटोंचे तसे होत नाही. जुन्या वस्तूंचा व्यापारी आधी फोटोची चौकट आणि काच पाहतो. चौकट चांगली असेल तर ती घेतो आणि आतल्या पुठ्ठ्याचे काय करायचे ते मालकावर सोडतो. एखादा फोटो फारच ठसठशीत असला, पगडी, जरीकाठी उपरणे आणि दागिने त्यात स्पष्ट दिसत असले, तर तो पुण्या-मुंबईच्या बाजारात जातो आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यात ‘जुन्या काळातले गृहस्थ’ म्हणून टांगला जातो. बाकीचे रद्दीत जातात. या नासाडीवर उपाय म्हणून जिल्ह्यात जुन्या छायाचित्रांचे स्वतंत्र दालन उभारावे आणि घराण्यांनी आपले मूळ फोटो तिथे जमा करावेत, अशी सूचना इतिहासप्रेमी मंडळींकडून अनेकदा ऐकू येते. सूचनेमागचा हेतू चांगला आहे. पण तिच्यातला क्रम उलटा आहे, असे माझे मत आहे. दालन दहा वर्षांनी उभे राहिले तरी चालेल. फोटोतले लोक कोण हे सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत, आणि ती दहा वर्षे थांबणार नाहीत.

हे फोटो कोणत्या काळातले आहेत, हे साताऱ्याच्या संदर्भात नीट पाहण्यासारखे आहे. १८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथे दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली आणि पुढच्याच महिन्यात इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीकडे रवाना केले. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण त्यांच्यामुळे कालक्रम पक्का ध्यानात राहतो. १८४८ मध्ये गादी खालसा झाली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यात सुरुवातीपासून होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत फोटोग्राफी हा व्यवसायच केला. तिथून ही विद्या घाट चढून साताऱ्याला पोहोचली तेव्हा इथे राजा उरलेला नव्हता. छत्रपतींचे सातारा चित्रकाराच्या कुंचल्यात आणि मोडी दप्तरात आहे. फोटोतले सातारा हे वकिलांचे, कारकुनांचे, पंतोजींचे, सावकारांचे, देशमुख-पाटलांचे, शास्त्री-वैदिकांचे आणि पाद्र्यांचे आहे.

आपल्या उपेक्षेचे एक कारण मला इथे दिसते. आपल्या मनातला साताऱ्याचा इतिहास १८४८ ला संपतो. फार तर १८५७ च्या कटापर्यंत आणि रंगो बापूजींपर्यंत येऊन थांबतो. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत या गावात राहिलेल्या लोकांना आपण इतिहासात धरत नाही, ते आपल्या लेखी नुसते पूर्वज असतात. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनहून आलेली वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवली गेली, तेव्हा ती पाहायला रांगा लागल्या आणि लागायलाच हव्या होत्या. परंतु त्याच रांगेत उभे असलेल्या कित्येकांच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत स्वतःच्या खापरपणजोबांचा फोटो पडून असेल आणि त्यांचे नाव घरात कोणालाही सांगता येणार नाही.

आता एका फोटोकडे जरा जवळून पाहू. साताऱ्यातल्या एका घरातला हा फोटो माझ्या पाहण्यात आलेला आहे. आकार कॅबिनेट कार्डाचा, म्हणजे साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांचा पुठ्ठा. कडेची सोनेरी रेघ अर्धीअधिक गेलेली. वाड्याच्या चौकात सतरंजी अंथरली आहे आणि मागे पडदा म्हणून एक चादर धरली आहे. मधोमध खुर्चीवर घरचे कर्ते बसले आहेत, पगडी आणि अंगरखा घालून, हातात चांदीच्या मुठीची काठी धरून. त्यांच्या उजव्या हाताला दोन मुलगे उभे. त्यांतला धाकटा नेमक्या वेळी हलल्यामुळे त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका डाग राहिला आहे. डाव्या हाताला पाटावर उघड्या अंगाचे, खांद्यावर उपरणे टाकलेले उपाध्ये, मांडीवर पोथी. कर्त्यांच्या मागे दोन स्त्रिया, दोघींच्याही डोक्यावर पदर, एकीची नथ चांगली मोठी आणि दुसरीचे कपाळ पदराच्या सावलीत गेलेले. आणि अगदी डाव्या कडेला, चादर ताणून धरणाऱ्या कोणा माणसाची चार बोटे.

पुठ्ठ्याच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने मोडीत तीन ओळी लिहिलेल्या आहेत. घरच्या मंडळींची समजूत अशी होती की तो कसला तरी हिशेब असावा. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांना तो दाखवला तेव्हा कळले की त्यात कर्त्यांचे पूर्ण नाव आहे, दोन्ही मुलांची नावे आहेत, उपाध्यांच्या जागी फक्त ‘उपाध्ये’ आहे आणि बायकांसाठी ‘घरातील मंडळी’ हे दोन शब्द आहेत. चादर धरणाऱ्याचा उल्लेख नाही, हे सांगायला नकोच. एका पुठ्ठ्याच्या दोन बाजूंवर त्या घराची सगळी उतरंड आलेली आहे: कोणाला खुर्ची, कोणाला नाव, कोणाला नुसता हुद्दा आणि कोणाला चौकटीबाहेरची जागा.

बाहेरच्या माणसाला हा फोटो वाचता येणार नाही, हेही इथेच लक्षात येते. उपाध्ये खाली बसले आहेत म्हणून ते आश्रित असणार, असा निष्कर्ष परका अभ्यासक सहज काढील. ज्याने सोवळेओवळे पाहिले आहे त्याला कळते की ते पाटावर बसले आहेत ते मानामुळे. खुर्ची ही तेव्हाच्या वैदिकाच्या दृष्टीने मोठेपणाची वस्तूच नव्हती. पगडीची घडण, गंधाची रेघ, कानातली भिकबाळी, उपरण्याची घडी यांवरून माणूस कोणत्या गावचा, कोणत्या शाखेचा, साधारण कोणत्या दशकातला, हे सांगू शकणारे लोक वाईत, कऱ्हाडात, माहुलीत अजून आहेत. त्यांचे हे ज्ञान कोणत्याही ग्रंथालयाच्या कपाटात नाही.

पुरोहितवर्गाच्या फोटोंबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण या भागात ते पुष्कळ आहेत आणि सर्वांत जास्त अनामिकही तेच आहेत. कृष्णाकाठची ही गावे शास्त्री-वैदिकांची. चाफळ आणि सज्जनगड हे समर्थ संप्रदायाचे. सांगली-मिरजेकडे सरकले की लिंगायत समाजाचे जंगम स्वामी, जैनांचे उपाध्ये, मिरजेच्या दर्ग्याचे सेवेकरी. त्या काळच्या घरगुती फोटोंत यांच्यापैकी कोणी ना कोणी बसलेले दिसते, कारण मुंज, लग्न किंवा तीर्थयात्रेचे मावंदे यांसारख्या प्रसंगी फोटोवाल्याला बोलावले जाई आणि तेव्हा गुरुजी घरात असतच. फोटोचा कागद त्या काळी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर देऊन तयार करीत, त्यावर सिल्व्हर नायट्रेटचे पाणी फिरवीत आणि काचेच्या निगेटिव्हखाली तो उन्हात ठेवीत. कांदा-लसूणही न शिवणाऱ्या किती वेदशास्त्रसंपन्नांच्या मुद्रा आजवर अंड्याच्या बलकावर टिकून आहेत, हे त्यांना कोणी सांगितले नसावे हे बरेच झाले.

यांतले जे पूजनीय ठरले त्यांची नावे टिकली. गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज १८४५ चे, त्यांनी देह ठेवला १९१३ मध्ये. त्यांचा फोटो आज हजारो देवघरांत आहे, त्याला रोज गंध-फूल वाहिले जाते आणि लहान मुलालाही तो ओळखता येतो. उपासनेने त्या फोटोला नाव, तिथी आणि गाव घट्ट बांधून ठेवले. पण ज्या गुरुजींनी एकाच घराच्या तीन पिढ्यांच्या मुंजी लावल्या, त्यांची ओळख त्या घराने ‘उपाध्ये’ या एका शब्दावर सोडून दिली. ख्रिस्ती धर्मोपदेशकांचे थोडे निराळे झाले. अमेरिकन मराठी मिशनचे काम साताऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होते. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८६० मध्ये प्रसिद्ध करणारे एबेनेझर बर्जेस काही वर्षे इथेच मिशनरी होते. मिशनच्या मूळ संस्थेचे कागद आज अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात नीट लावून ठेवलेले आहेत. गोऱ्या पाद्र्यांची नावे, जन्मगावे, मृत्यूच्या तारखा त्यामुळे सहज मिळतात. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या मराठी पाळकाची मात्र ‘देशी पाळक व कुटुंब’ एवढ्यावर बोळवण होण्याचा धोका असतो, आणि त्याचे खरे नाव, त्याच्या बायकोचे नाव, तिने चालवलेली मुलींची शाळा यांची आठवण असली तर ती इथल्या ख्रिस्ती घरांतल्या एखाद्या आजीपाशीच असते. म्हणजे हार्वर्डच्या अभ्यासकालाही शेवटी साताऱ्यातच येऊन विचारावे लागणार.

नाव नसलेला फोटो काय होतो, याचा धडा त्याच शतकाने आपल्याला दिलेला आहे. १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड प्रसिद्ध झाले आणि त्यांत चारशेहून अधिक छायाचित्रे होती. त्यातली बहुसंख्य माणसे जातीच्या किंवा जमातीच्या नावाखाली छापली गेली. माणूस होता, त्याचा चेहरा होता, पण त्याला तिथे जागा मिळाली ती नमुना म्हणून. आपण त्या ग्रंथाला वसाहतवादी दृष्टीचा म्हणून नावे ठेवतो आणि ते रास्तच आहे. मग आपल्याच घरातल्या फोटोला ‘जुन्या काळातली ब्राह्मण स्त्री’, ‘मराठा सरदार’, ‘ग्रामीण कुटुंब’ असे शीर्षक देऊन तो समाजमाध्यमांवर टाकताना आपण वेगळे काय करतो?

समाजमाध्यमांचा विषय निघालाच आहे, तर त्यातला दुसरा धोकाही सांगून टाकतो. नाव नसलेल्या फोटोला नाव चिकटवायला आता कोणालाही वेळ लागत नाही. झाशीच्या राणीचा म्हणून एक फोटो वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि त्याला विश्वासार्ह आधार कोणी दिलेला नाही. हीच गोष्ट गावपातळीवरही घडते: नाकीडोळी बऱ्या दिसणाऱ्या कोणा अनामिक गृहस्थांना एखाद्या घराण्याचा मूळ पुरुष ठरवले जाते, त्यात संगणकावर रंग भरले जातात, पगडी लाल होते, अंगरख्याला जर येते, आणि चार महिन्यांत तो फोटो त्या घराण्याच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर जाऊन बसतो. एकदा छापला गेला की तोच पुरावा ठरतो. रंग भरण्याला माझा विरोध नाही. पण मूळ प्रतीची नोंद नसताना भरलेला रंग आणि मूळ पगडीचा रंग यांतला फरक पुढच्या पिढीला कळायचा कसा?

मूळ फोटो सरकारी संग्रहालयात द्यावेत, असे म्हणणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही. घरात ओल असते. कसर आणि वाळवी असते. पावसाळ्यात कौले गळतात आणि काचेला चिकटलेला फोटो सोडवताना त्याचा थर काचेवरच राहतो. हौसेने केलेले लॅमिनेशन हा तर आणखी वेगळा घात आहे, कारण उष्णतेने आणि गोंदाने झालेले नुकसान पुन्हा भरून काढता येत नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये भवानी संग्रहालय उभारले नसते तर तिथला केवढा ठेवा पांगला असता, हेही खरे आहे. तरीही दोन अनुभव मला या मार्गापासून थोडे मागे खेचतात, आणि दोन्ही याच टापूतले आहेत.

पहिला पारसनिसांच्या संग्रहाचा. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर खपून ऐतिहासिक कागद आणि चित्रे जमवली, त्यांच्यासाठी साताऱ्यात संग्रहालय झाले, आणि पारसनीस गेल्यानंतर तेरा वर्षांनी, १९३९ मध्ये, तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला. तिथे तो जपला गेला, अभ्यासकांच्या उपयोगी पडला, त्याबद्दल तक्रार नाही. पण साताऱ्याच्या मुलाला साताऱ्याचे चित्र पाहायला पुण्याला जावे लागले. संस्था मोठी होते तसा संग्रह मोठ्या गावाकडे सरकतो, ही त्यातली रीत आहे. दुसरा अनुभव सांगलीचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले आणि सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके, त्यात कित्येक दुर्मीळ, पाण्याखाली गेली. दोष कोणाचा, हा इथे प्रश्न नाही. एकाच इमारतीत एकच प्रत असली की एका पुरात ती जाते. त्या पुरात घरोघरचे किती फोटो-अल्बम लगदा झाले, याची तर मोजदादच झाली नाही, कारण पंचनाम्यात फ्रिज आणि गाद्या येतात, पणजीचा फोटो येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की मूळ फोटो ज्याच्या त्याच्या घरी राहावा आणि त्याची चांगली डिजिटल प्रत, पुढची बाजू आणि पाठ अशा दोन्हींची, निदान तीन वेगवेगळ्या गावांत असावी. यातले पाठ हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. आजवर हौशी मंडळींनी ज्या प्रती काढल्या त्यांत नव्वद टक्के वेळा फक्त पुढची बाजू असते, असे माझे आपले निरीक्षण. स्टुडिओचा छापील शिक्का, मोडीतल्या ओळी, भेट म्हणून दिल्याचा मजकूर हे सगळे मागेच राहते. फोटोवाल्याचे नाव आणि गाव कळले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. १८९० च्या सुमारास पुण्याहून साताऱ्याच्या बाजूने मिरजेकडे रेल्वे सुरू झाली, त्यानंतरच्या फोटोंवर कुठल्या गावांचे शिक्के येतात हे पाहिले तर लोक फोटोसाठी कुठवर जात होते आणि फोटोवाले कुठून येत होते, याचा नकाशाच हाती येईल.

हे काम कोणी करावे? मला वाटते, गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात मान्यताप्राप्त ग्रंथालयांची जी जाळी उभी राहिली, तिच्याइतकी खोलवर पोहोचलेली दुसरी सांस्कृतिक व्यवस्था आपल्याकडे नाही. साताऱ्याचे नगर वाचनालय, वाईचे टिळक ग्रंथसंग्रहालय, मिरजेचे खरे मंदिर या ठिकाणी बसणाऱ्या ज्येष्ठ वाचकांना आपल्या पेठेतली चार पिढ्यांची नाती तोंडपाठ असतात. अ वर्गाच्या वाचनालयाला एक बरा स्कॅनर, एक प्रशिक्षित मुलगा किंवा मुलगी आणि आठवड्यातून एक ठरलेली दुपार एवढे पुरेसे आहे. घरच्यांनी फोटो घेऊन यायचा, तासाभरात प्रत काढून तो परत न्यायचा, आणि तो तास त्यांनी बोलायचे: हे कोण, हिचे माहेर कुठले, हा वाडा आता कोणाकडे, हा दत्तक की औरस, गुरुजी कोणत्या घराण्यातले. बोलणे जसेच्या तसे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे, कारण नोंद करणारा जे गाळतो तेच पुढे हवे असते. ‘नक्की माहीत नाही, पण आई असे म्हणायची’ हेही नोंदवावे आणि तसेच नोंदवावे.

या पद्धतीला आपल्याकडे परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तो वाईत मिळालेल्या कागदांवर. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन दप्तरातून ऐतिहासिक लेखांचे खंडच्या खंड बाहेर काढले. ते दोघेही कागदाचे वेडे होते आणि त्यांच्या काळी हे फोटो इतके ताजे होते की त्यांना साधन म्हणून पाहणे कोणाला सुचलेही नसते. आज ते सुचायला हवे. पडताळणीची साधनेही तयार आहेत: नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत घराण्यांची नावे यात्रेच्या सालासकट मिळतात; छापील कुलवृत्तांत आहेत; इनामांचे आणि वतनांचे कागद आहेत; चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आहेत. फोटोतल्या आठवणीला यांतला एखादा धागा जुळला की ती आठवण पुराव्याच्या योग्यतेला येते.

घराण्यांच्या मनात मात्र एक भीती असते आणि ती पोकळ म्हणता येत नाही. जुन्या फोटोला नावे लागली की जुनी नातीही उघडी पडतात: दुसरे लग्न, मोडलेले दत्तकविधान, कोणा पाटाच्या बायकोची मुले, वाटणीत वगळलेला भाऊ. कित्येक घरांत अशा फोटोतला एखादा चेहरा कात्रीने कापलेला असतो, आणि तो का कापला हे सर्वांना माहीत असते. यावर उपाय इतकाच की नोंद आणि प्रसिद्धी यांत भेद करावा. नोंद पूर्ण असावी. ती खुली करायची की पंचवीस वर्षे बंद ठेवायची, हे घरच्यांनी लिहून द्यावे, आणि वाचनालयाने तो शब्द पाळावा. कायद्याची अडचण फारशी नाही. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंवरचा कॉपीराइट केव्हाच संपलेला आहे. उलट शंभर वर्षांहून जुन्या आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावशेष कायद्याने मनाई आहे, हे जुन्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनाही कोणीतरी आठवण करून द्यायला हवे. त्या कामी नोंद झालेला फोटो हा नोंद न झालेल्या फोटोपेक्षा कितीतरी सुरक्षित असतो.

याहून अवघड आक्षेप निराळाच आहे, आणि तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. असले फोटो कोणाकडे आहेत? ज्यांच्याकडे वाडा होता, पैसा होता, ज्यांना आपली छबी उतरवून घेण्याची उमेद होती, त्यांच्याकडे. मग सार्वजनिक पैशाने ही नोंदवही करणे म्हणजे पुन्हा त्याच दोन-चार जातींची कुळे उजळणे नव्हे काय? महात्मा फुल्यांचे मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. माझे उत्तर अर्धे आहे. या फोटोंत इतर लोकही आहेत, फक्त ते कडेला आहेत: चादर धरणारा, घोड्याचा लगाम धरून उभा असलेला, मुलाला कडेवर घेतलेली कुळंबीण, दिंडी दरवाज्यात बसलेला रामोशी, आणि केशवपन केलेली, खांबाआड सरकलेली आत्या, जिला फोटोत घ्यायचे नव्हते पण जी घरातच होती. नोंदवहीच्या नमुन्यात ‘फोटोतील प्रमुख व्यक्ती’ असा रकाना ठेवला तर ही सगळी माणसे पुन्हा एकदा वगळली जातील. ‘दिसणारी प्रत्येक व्यक्ती’ असा ठेवला तर निदान विचारले तरी जाईल. उत्तराचा उरलेला अर्धा भाग असा की वाचनालयांनी आपण होऊन वाड्यांबाहेरच्या वस्त्यांत जावे. लष्करात गेलेल्या घरांतून, गिरणीत गेलेल्यांच्या ट्रंकांतून, मिशनच्या शाळेत शिकलेल्यांच्या घरांतून थोड्या नंतरच्या काळातले का होईना फोटो निघतील, आणि एकोणिसाव्या शतकाची रेषा त्यांच्यासाठी वीस-तीस वर्षे पुढे सरकवली तर काही बिघडत नाही.

खर्चाचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण तो खरोखरच लहान आहे. एका दालनाच्या नुसत्या काचेच्या कपाटांवर जो पैसा जाईल त्यात जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांच्या वाचनालयांना स्कॅनर मिळेल. मोडी जाणणारी माणसे हाताशी हवीत. साताऱ्यात आणि सांगलीत मोडीचे वर्ग चालवणारे लोक आहेत, त्यांना मानधन द्यावे, फुकट राबवू नये. सुरुवात वाईपासून करावी, असे मला वाटते, कारण तिथे वैदिक घराणी आहेत, त्यांचे फोटो आहेत, तिथल्या मराठी विश्वकोशाच्या कामानिमित्ताने नोंदींची शिस्त पाहिलेले लोक आहेत आणि गाव एवढे लहान आहे की कोणत्या घरात विचारायचे हे दुसऱ्या दिवशी कळते. पहिल्या वर्षी फक्त ऐंशीच्या पुढच्या लोकांकडे जावे, आणि जाताना वर सांगितलेल्या ‘उपाध्ये’ व ‘घरातील मंडळी’ या दोन शब्दांसारख्या जागा आधी भरून घ्याव्यात. पुरुषांची नावे सातबाऱ्यावर आणि शिलालेखांवर आणखी शंभर वर्षांनीही सापडतील. बायकांची माहेरची नावे मात्र आज ज्यांना विचारता येतात त्यांच्या पलीकडे कुठेच लिहिलेली नाहीत.